माया कालगणनेत २१ डिसेंबर २०१२ ला नेमकं काय झालं?

प्रश्न असा आहे: माया लोकांचं (मेक्सिको-ग्वाटेमाला भागातली प्राचीन संस्कृती) कॅलेंडर २०१२ मध्ये संपत होतं, म्हणजे जग बुडणार असं त्यांनी लिहून ठेवलं होतं का? आणि 'हिशेबात आठ वर्षांची चूक होती, खरी तारीख पुढे आहे' असं मधूनमधून फिरतं, त्यात किती तथ्य?

आधी थोडक्यात. कॅलेंडर संपलं नाही. २१ डिसेंबर २०१२ ला तेरावा बाकतुन (१,४४,००० दिवसांचा खंड) पूर्ण झाला आणि २२ तारखेला माया गणनेतला पुढचा दिवस, १३.०.०.०.१, उजाडला. माया लिपीतले हजारो लेख आज माहीत आहेत. त्यांपैकी फक्त दोन लेखांत ही तारीख खात्रीने ओळखता येते, आणि त्या दोन्हींत जगबुडीचा उल्लेख नाही. आठ वर्षांची चूक ही तर निव्वळ गणिताची गफलत आहे. मात्र 'माया लोक भविष्य सांगतच नव्हते' असं जे उलट टोकाचं उत्तर दिलं जातं, तेही बरोबर नाही. ते भविष्य सांगत आणि भरपूर सांगत. फक्त ते ज्या चक्रावर सांगत, त्याचा २०१२ शी काही संबंध नव्हता.

माया लोक तीन गणना एकाच वेळी चालवत, आणि बहुतेक घोटाळे त्या एकमेकींत मिसळल्याने होतात. पहिली २६० दिवसांची, त्झोल्किन. यात १ ते १३ हे आकडे आणि वीस दिवसनामं एकाच वेळी पुढे सरकतात: १ इमिश, २ इक, ३ अकबाल असं करत १३ बेन. त्यानंतर आकडा पुन्हा १ होतो, पण नाव चौदावं येतं, म्हणजे १ इश. १३ आणि २० यांचा लसावि २६०, म्हणून तीच जोडी २६० दिवसांनी परत येते. दुसरी गणना ३६५ दिवसांची, हाब. वीस दिवसांचे अठरा महिने आणि शेवटी पाच उरलेले दिवस, वायेब. हे पाच दिवस अशुभ मानत. सोळाव्या शतकात युकातानमध्ये असलेल्या दिएगो दे लांदा या पाद्र्याने नोंदवलंय की त्या दिवसांत लोक अंग धुत नसत, केस विंचरत नसत, कष्टाचं काम टाळत. हाबमध्ये लीप दिवस नाही, त्यामुळे तो ऋतूंपासून हळूहळू सरकत जातो. माया लोकांना हे माहीत होतं, त्यांनी ते दुरुस्त केलं नाही एवढंच.

या दोन्ही गणना जोडल्या की १८,९८० दिवसांचं, म्हणजे ५२ हाबांचं चक्र मिळतं. '४ आहाव ३ कान्किन' (त्झोल्किनचा ४ आहाव, हाबच्या कान्किन महिन्याचा ३) अशी तारीख ५२ वर्षांतून एकदाच येते. पण ती येतच राहते, हीच अडचण. आपल्याकडे नुसतं 'प्रभव संवत्सर' म्हटलं तर कुठला प्रभव ते कळत नाही, सोबत शके सांगावा लागतो. तसंच हे. राजाचा राज्याभिषेक कोरताना ५२ वर्षांच्या पलीकडचा ठाव लागावा म्हणून तिसरी गणना वापरली जाई. तिला अभ्यासक दीर्घगणना म्हणतात.

दीर्घगणना हा शुद्ध दिवसांचा हिशेब आहे. एक दिवस म्हणजे किन. २० किनांचा विनाल. इथे मात्र २० नाही, १८ विनालांचा तुन, म्हणजे ३६० दिवस. २० तुनांचा कातुन, ७,२०० दिवस. २० कातुनांचा बाकतुन, १,४४,००० दिवस. तारीख लिहिताना डावीकडून बाकतुन, कातुन, तुन, विनाल, किन असा क्रम असतो. विनालनंतर १८ ने गुणायचं हे विसरून सगळीकडे २० ने गुणणं ही नवशिक्यांची हमखास होणारी चूक. तेरा बाकतुन म्हणजे १८,७२,००० दिवस, सुमारे ५,१२५ सौर वर्षं.

या गणनेचा आरंभदिन १३.०.०.०.०, ४ आहाव ८ कुम्कू असा लिहिला जातो. आपल्या हिशेबात तो ११ ऑगस्ट इ.स.पू. ३११४ (ग्रेगोरियन पद्धत मागे ताणून). काही ठिकाणी ६ सप्टेंबर दिसेल. ती ज्युलियन तारीख, दिवस तोच. ग्वाटेमालातल्या किरिग्वाच्या 'सी' शिलास्तंभावर या दिवशी देवांनी तीन शिळा रोवल्या असं कोरलंय. म्हणजे आताच्या सृष्टीची मांडणी त्या दिवशी झाली अशी श्रद्धा होती. आरंभदिनी बाकतुनाच्या जागी १३ आहे, यावरून काहींनी ठरवलं की मागची सृष्टी तेरा बाकतुनांनी संपली, मग ही पण तेरालाच संपणार. हा तर्क आधुनिक आहे. 'पोपोल वुह' या किचे माया ग्रंथात आधीच्या मातीच्या आणि लाकडाच्या माणसांची निर्मिती आणि नाश सांगितलाय, पण कोण किती वर्षं टिकलं याचा आकडा कुठेही नाही.

आरंभदिनाबद्दल आणखी एक सांगायला हवं. त्या दिवशी माया संस्कृती अस्तित्वातच नव्हती. दीर्घगणनेतल्या सर्वांत जुन्या ज्ञात तारखा मेक्सिकोतल्या च्यापा दे कोर्सो (इ.स.पू. ३६) आणि त्रेस सापोतेस (इ.स.पू. ३२) इथल्या आहेत, आणि ही दोन्ही ठिकाणं माया प्रदेशाच्या बाहेरची. ग्वाटेमालातल्या तिकाल या माया नगरीच्या २९ क्रमांकाच्या शिलास्तंभावरची माया तारीख इ.स. २९२ ची. म्हणजे शून्यदिन मागे मोजून ठरवलेला आहे. आपल्या सिद्धांतग्रंथांतला कलियुगारंभही (१८ फेब्रुवारी इ.स.पू. ३१०२, ज्युलियन) असाच मागे मोजलेला, आणि त्यापासूनचा अहर्गण (गेलेल्या दिवसांची संख्या) ही कल्पनेने दीर्घगणनेची सख्खी बहीणच. दोन्ही आरंभांत फक्त ४,१८३ दिवसांचं अंतर आहे. त्यावरून 'दोन्ही संस्कृतींचं मूळ एकच' असं सांगणारे बरेच भेटतात. पण कलियुगारंभ मध्यम ग्रह मेषारंभी एकत्र येण्यावर बसवलाय, माया आरंभ १३ आणि २० च्या गुणाकारावर. पाया वेगळा असताना आकडे जवळ आले, तर त्याला योगायोगच म्हणावं.

आता २०१२ चा उल्लेख असलेले दोन लेख. पहिला मेक्सिकोच्या ताबास्को राज्यातल्या तोर्तुगेरो इथला, स्मारक क्रमांक ६. तो बाहलाम आहाव या राजाने कोरवला. त्यातली मुख्य घटना एका वास्तूच्या प्रतिष्ठेची आहे: ९.११.१६.८.१८, ९ एत्झ्नाब ६ कायाब, म्हणजे जानेवारी ६६९. तिथून पुढे अंतर दिलंय, लहान एककापासून मोठ्याकडे: २ किन, ९ विनाल, ३ तुन, ८ कातुन, ३ बाकतुन. बेरीज करून पाहा. किन १८ + २ = २०, हातचा एक. विनाल ८ + ९ + १ = १८, इथे १८ लाच हातचा जातो. तुन १६ + ३ + १ = २०, कातुन ११ + ८ + १ = २०, बाकतुन ९ + ३ + १ = १३. बरोबर १३.०.०.०.०, ४ आहाव ३ कान्किन. म्हणजे ४,९०,८६२ दिवसांनंतर, सुमारे १,३४४ वर्षांनी. त्या दिवशी काय होईल? दगड तिथेच झिजलाय आणि फुटलाय. जे वाचता येतं त्यात 'तेरावा बाकतुन पूर्ण होईल' आणि बोलोन योक्ते नावाच्या देवाचा उल्लेख आहे. हा देव युद्ध, सृष्टी आणि कालखंडांच्या सांध्यांशी जोडलेला. झिजलेल्या अक्षरांवर कितीही प्रलय रचता येतो, आणि लोकांनी रचलाही.

दुसरा लेख ग्वाटेमालातल्या ला कोरोना इथल्या पायऱ्यांवरचा, २०१२ मध्येच जाहीर झालेला. काळ इ.स. ६९६. कालाकमुल या माया राज्याचा राजा युकनोम यिच्आक काक् याला वर्षभरापूर्वी तिकालकडून मोठा पराभव पत्करावा लागला होता. तो ला कोरोना या मित्रराज्यात आला आणि स्वतःला 'तेरा कातुनांचा स्वामी' म्हणवून घेतलं, कारण त्याच्या कारकिर्दीत तेरावा कातुन (९.१३.०.०.०) पूर्ण झाला होता. आणि मग लेख थेट पुढच्या मोठ्या तेराकडे, १३.०.०.०.० कडे उडी मारतो. हरलेल्या राजाला आपलं नाव टिकाऊ काळाशी बांधायचं होतं, याहून वेगळा अर्थ काढायला लेखात काही नाही.

माया राजांची ही रीतच होती. मेक्सिकोतल्या पालेंके या माया नगरीच्या शिलालेख-मंदिरात पाकाल राजाच्या राज्याभिषेकाची तारीख ९.९.२.४.८, ५ लामात १ मोल (जुलै ६१५) अशी आहे. लेखात तिच्यावर ५२ वर्षांची ८० चक्रं मिळवली आहेत: ८० × १८,९८० = १५,१८,४०० दिवस. उत्तर येतं १.०.०.०.०.८, म्हणजे २१ ऑक्टोबर ४७७२. त्याच्या आठ दिवस आधी, १३ ऑक्टोबर ४७७२ ला, वीस बाकतुन पूर्ण होऊन त्याच्या वरचं एकक १ होतं. या एका गणिताने दोन गोष्टी निकालात निघतात. बाकतुनाचा आकडा १३ वर थांबत नाही, तो २० पर्यंत जातो. आणि ४७७२ मध्येही कुणीतरी पाकालचा अभिषेकदिन साजरा करील, हे लिहिणाऱ्याने गृहीत धरलंय. युकातानमधल्या कोबाच्या १ क्रमांकाच्या शिलास्तंभावर तर आरंभदिन लिहिताना बाकतुनाच्या वर आणखी एकोणीस एककं मांडलीत, सगळ्यांच्या जागी १३. तो काळ आधुनिक विश्वशास्त्रातल्या विश्वाच्या वयाहून कितीतरी पटींनी मोठा आहे.

मग भविष्य कशावर सांगत? मुख्यतः कातुनांवर, म्हणजे सुमारे १९.७ वर्षांच्या खंडांवर. प्रत्येक कातुन आहाव या दिवशीच संपतो आणि त्या आहावचा आकडा त्याला नाव देतो. दर कातुनाला हा आकडा दोनने उतरतो: १३, ११, ९, ७, ५, ३, १, मग १२, १०, ८, ६, ४, २. तेरा कातुनांनी, ९३,६०० दिवसांनी, सुमारे २५६ वर्षांनी तेच नाव परत येतं, आणि त्या नावाच्या कातुनात मागे जे घडलं तसंच पुन्हा घडेल ही खरी माया श्रद्धा. वसाहतकाळात रोमन लिपीत लिहिलेल्या 'चिलाम बालाम' नावाच्या गावोगावच्या पोथ्यांमध्ये ही कातुनफळं आहेत: दुष्काळ, साथ, परकी सत्ता, क्वचित सुकाळ. बहुतेक फळं वाईटच.

यातला ८ आहाव हा कातुन विशेष धास्तीचा. युकातानमधल्या मायापान नगरीचा पाडाव पोथ्या ८ आहावमध्ये (१४४१ ते १४६१) घालतात. पुढचा ८ आहाव जुलै १६९७ मध्ये सुरू होणार होता. पेतेन सरोवरातल्या नोहपेतेनचं इत्झा राज्य तेव्हा स्पॅनिशांना शरण गेलं नव्हतं. १६९६ मध्ये आंद्रेस दे आवेंदान्यो हा पाद्री तिथे गेला, तो ही कातुनफळं अभ्यासून. तुमच्याच पोथीप्रमाणे वेळ भरत आली आहे, असं त्याने इत्झांना सांगितलं. १३ मार्च १६९७ ला स्पॅनिशांनी नोहपेतेन जिंकलं, कातुन बदलायला चार महिने असताना. या श्रद्धेने इत्झांचं धैर्य किती खचवलं यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. पण माया भविष्याने प्रत्यक्ष राजकारणात हात घातल्याचं उदाहरण हवं असेल तर ते हे आहे, २०१२ नव्हे.

दुसरा भविष्यप्रकार पोथ्यांतल्या ग्रहगणिताचा. लांदाने १५६२ मध्ये मानी इथे माया पोथ्या जाळल्या, आज चारच उरल्यात. त्यांपैकी ड्रेस्डेनच्या पोथीत शुक्राचं कोष्टक आहे: पहाटतारा २३६ दिवस, अदृश्य ९०, सांजतारा २५०, अदृश्य ८, एकूण ५८४. अशी ६५ आवर्तनं म्हणजे ३७,९६० दिवस, बरोबर १४६ त्झोल्किन आणि १०४ हाब. शुक्राच्या पहाटेच्या पहिल्या उदयाला कुणावर संकट येईल, राजावर की पिकावर, हे त्या कोष्टकाशेजारी चित्रांत दाखवलंय. शेजारी ४०५ चांद्रमासांचं ग्रहणकोष्टक आहे. याच पोथीच्या शेवटच्या पानावर आकाशातल्या मगरीच्या तोंडातून पाणी कोसळताना दिसतं. एकोणिसाव्या शतकात या पोथीचं गणित उलगडणारे ड्रेस्डेनचे ग्रंथपाल अर्न्स्ट फोर्स्टेमान यांनी त्याला जगाच्या अंताचं चित्र मानलं, आणि तिथून ही कल्पना पुस्तकांत शिरली. आज बरेच अभ्यासक तिथे पुराची कथा किंवा पावसाळ्याचा आरंभ वाचतात. पानावर १३.०.०.०.० ही तारीख नाही.

२०१२ च्या अफवेत माया नसलेला मालही बराच होता. सगळ्यात जास्त फिरलेलं चित्र, मधोमध जीभ काढलेला चेहरा असलेली गोल शिळा, माया नाहीच. ती अ‍ॅझटेक सूर्यशिळा आहे, १७९० मध्ये मेक्सिको सिटीच्या मुख्य चौकात सापडलेली. आधीची चार जगं नष्ट झाली, हे पाचवं भूकंपाने जाईल, ही श्रद्धा अ‍ॅझटेकांची. ५२ वर्षांचं चक्र पूर्ण होताना सूर्य उगवेल की नाही ही धाकधूकही त्यांची. त्या रात्री सगळे विस्तव विझवत आणि टेकडीवर नवा अग्नी मथत. असा शेवटचा विधी १५०७ मध्ये झाला. पृथ्वीवर आदळणार म्हणून सांगितला गेलेला निबिरू ग्रह ही विसाव्या शतकातली कल्पना, माया लेखांत तो नाही. आणि 'आकाशगंगेच्या केंद्राशी सूर्य जुळणार' यातला सूर्य दर डिसेंबरात त्याच भागातून जातो, केंद्रापासून सुमारे सहा अंश दूर राहूनच. आपल्याकडे फेब्रुवारी १९६२ च्या अष्टग्रहीला गावोगाव यज्ञ झाले होते. भीती पसरण्याची तऱ्हा बघायची तर ते उदाहरण जवळचं आहे.

आता आठ वर्षांची चूक. २०२० च्या जूनमध्ये जोरात फिरलेला दावा असा: ग्रेगोरियन कॅलेंडर आल्यावर दर वर्षी ११ दिवस कमी झाले, १७५२ ते २०२० ही २६८ वर्षं, २६८ × ११ = २,९४८ दिवस, म्हणजे आठ वर्षं. म्हणून खरं '२०१२' म्हणजे २१ जून २०२०. वस्तुतः इंग्लंडने १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर लिहिली, ती एकदाच. दर वर्षी नाही. आणि तारखेचं नाव बदलल्याने मधले दिवस नाहीसे होत नाहीत. दीर्घगणना दिवस मोजते, तारखांची नावं नाही.

स्वतः पडताळायचं असेल तर खगोलशास्त्रात वापरला जाणारा ज्युलियन दिवस क्रमांक घ्या, कुठल्याही खगोल सॉफ्टवेअरमध्ये मिळतो. त्यातून ५,८४,२८३ वजा करा. २१ जून २०२० साठी क्रमांक २४,५९,०२२, बाकी १८,७४,७३९. याला १,४४,००० ने भागा: १३, उरले २,७३९. ७,२०० ने: ०. ३६० ने: ७, उरले २१९. २० ने: १०, उरले १९. उत्तर १३.०.७.१०.१९. त्झोल्किनच्या आकड्यासाठी एकूण दिवसांत ४ मिळवून १३ ने भागा (बाकी शून्य आली तर १३ धरा): इथे १३. नावासाठी किनचा आकडा बघा, ० म्हणजे आहाव, १ म्हणजे इमिश, १९ म्हणजे कावाक. हाबसाठी एकूण दिवसांत ३४८ मिळवा आणि ३६५ ने भागून बाकी घ्या: ८२, म्हणजे चार महिने होऊन पाचव्या महिन्याचा २. तारीख १३ कावाक २ त्सेक. महिन्याचे दिवस ० पासून १९ पर्यंत मोजतात, १ पासून नाही. इथे एकाने चुकलात तर अशक्य जोडी येते, आणि त्यावरूनच चूक पकडता येते: कावाकसोबत हाबचा आकडा २, ७, १२ किंवा १७ च असू शकतो.

५,८४,२८३ हा आकडा कुठून आला? गुडमन, मार्तिनेस आणि थॉम्पसन या अभ्यासकांनी १९०५ ते १९५० दरम्यान तो बसवला. वसाहतकालीन नोंदींप्रमाणे १३ आहाव कातुन १५३९ मध्ये संपला, हा एक आधार. दुसरा, ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात आजही चालू असलेली २६० दिवसांची गणना त्याच्याशी तंतोतंत जुळते. तिसरा, तिकालच्या चिकूच्या लाकडी चौकटींचं कार्बनमापन. २०१३ च्या चाचणीनेही तेच सांगितलं. काही अभ्यासक ५,८४,२८५ धरतात. मग २०१२ ची तारीख २३ डिसेंबर येते. फरक दोन दिवसांचा, आठ वर्षांचा नव्हे.

याच पद्धतीने पुढचा कातुन, १३.१.०.०.०, २ आहाव, ७ सप्टेंबर २०३२ ला पूर्ण होईल. चौदावा बाकतुन २६ मार्च २४०७ ला. त्या सुमारास नव्या अफवा येतील हे गृहीत धरायला हरकत नाही.

मोबाइलवर 'तुमचं माया राशिचिन्ह' सांगणारी अ‍ॅप वापरत असाल तर त्यात २१ डिसेंबर २०१२ घालून बघा. ४ आहाव आलं तर गणना पारंपरिक आहे. दुसरं काही आलं तर बहुधा ती १९८० च्या दशकानंतर अमेरिकेत तयार झालेली नवी पद्धत आहे, जी २९ फेब्रुवारी मोजतच नाही, त्यामुळे दर चार वर्षांनी एका दिवसाने घसरते. ग्वाटेमालातल्या मोमोस्तेनांगोच्या भागात दिवस राखणारे आख्किख आजही दर २६० दिवसांनी येणाऱ्या ८ बात्झ या दिवशी नव्यांना दीक्षा देतात. त्यांच्या गणनेत असा दिवस गाळण्याची सोय नाही.